भंडारा उधळला की चित्र फुटतं

गेल्या हंगामातली गोष्ट आहे. तिच्यात चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

आमचे नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, घाटकोपरला असतात. गावाकडे, कळंबला, आमच्या भावकीचा जो गाडा जुंपला जातो त्यात एक बैल त्यांचा. सुट्टी मिळाली नाही म्हणून यात्रेला येता आलं नाही, तर माणूस सकाळपासून मोबाइलवर लाइव्ह लावून बसला. दुपारी आमच्या गाड्याचं नाव पुकारलं. निवेदकाचा आवाज अगदी स्वच्छ जात होता. भिर्रर्र झालं, घोडी सुटली, मागे गाडा, आणि निशाणाजवळ पोरांनी भंडारा उधळला. नानांच्या पडद्यावर त्या क्षणी पिवळे चौकोन पसरले. चित्र सावरलं तेव्हा घाट रिकामा होता. दोन मिनिटांनी फोन आला. "अरं, आपली बारी झाली का? लॅपटॉपपाशी तूच बसलायस ना? मग हे पिवळे चौकोन काय दाखवतोयस मला?"

मीच बसलो होतो. इंजिनिअरिंगची पदवी, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, आणि समोर ओबीएसमध्ये मोठ्या ऐटीत निवडलेलं १०८० पी, ६० फ्रेम. "फुल एचडी लाइव्ह" असं पोस्टरवर छापलं होतं ना, मग द्यायला नको?

त्या दिवसापासून या विषयावर बरंच डोकं घातलं. त्यातून जे हाती लागलं ते थोडं कडू आहे. गावाकडच्या खेळांचं लाइव्ह चित्र वाईट दिसतं ते कॅमेरा स्वस्त म्हणून नाही, लॅपटॉप जुना म्हणून नाही, आणि गावच्या पोरांना अक्कल नाही म्हणून तर मुळीच नाही. चित्र बाहेर जायची वाट अरुंद आहे म्हणून ते वाईट दिसतं. त्या वाटेकडे कुणीच बघत नाही. यात्रा कमिटी बघत नाही, लाइव्हवाली पोरं बघत नाहीत, मोबाइल कंपन्या बघत नाहीत, सरकारची व्याख्या बघत नाही. सगळे मिळून आपण एकच गोष्ट करतो, ती म्हणजे आणखी एक यंत्र विकत घेतो.

बारी पंधरा सेकंदांची

ज्यांनी आमच्याकडचा बैलगाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ या भागात गाडे एकमेकांशेजारी धावत नाहीत. घाट म्हणून जी चढाची धावपट्टी असते तिच्यावर एकेक गाडा सुटतो. पुढे घोडी धावते, मागे बैल, आणि लागलेला वेळ घड्याळावर मोजतात. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. बारी दहा-पंधरा सेकंदांत संपते. लाइव्ह मात्र सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालतं. म्हणजे गाडामालकाच्या घरातला माणूस मुंबईत, चाकणच्या कारखान्यात किंवा दुबईत बसून दिवसभर जे बघतो ते या पंधरा सेकंदांसाठी. बाकीचे नऊ-दहा तास चित्र कसंही असलं तरी चालतं. नेमकं या पंधरा सेकंदांतच ते फुटतं.

हा योगायोग नाही. व्हिडिओ दाबून लहान करायची जी पद्धत आहे तिच्या स्वभावातच ते आहे.

हिशेब सोपा आहे. फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं म्हटली तर साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके. एका ठिपक्याला सरासरी १२ बिट धरले तर सेकंदाला जवळपास दीडशे कोटी बिट, म्हणजे दीड जीबीपीएस. आपण पाठवणार किती? सहा एमबीपीएस. म्हणजे अडीचशे भागांतला एक भाग ठेवायचा आणि बाकीचे टाकून द्यायचे, तेही बघणाऱ्याला कळू न देता. हा चमत्कार एन्कोडर करतो. आज बहुतेक लाइव्ह ज्या एच.२६४ पद्धतीने जातं ती २००३ सालची आहे आणि तिची युक्ती साधी आहे: मागच्या चित्रात जे होतं ते पुन्हा पाठवू नका, फक्त काय हललं आणि कुठे गेलं तेवढं सांगा. डोंगर हलत नाही, मंडप हलत नाही, कठडा हलत नाही. ते जवळजवळ फुकटात जातं. बैल पुढे सरकला तर "हा तुकडा इकडून तिकडे गेला" एवढंच लिहावं लागतं.

आता भंडारा उधळा. हवेतला प्रत्येक कण आपापल्या दिशेने उडतो. मागच्या चित्रात तो तिथे नव्हता, पुढच्या चित्रात तिथे नसेल. शिवाय चाकांची आणि खुरांची धूळ. "काय कुठे गेलं" याचं उत्तरच नाही, सगळंच नवीन आहे. एन्कोडरला अचानक कितीतरी पट जास्त लिहायचं असतं आणि त्याच्या हातात कागद तेवढाच. मग तो बारकावे सोडून देतो. एकेका चौकोनात एकच रंग भरून मोकळा होतो. नानांना दिसले ते हे चौकोन. व्हिडिओ दाबणाऱ्या यंत्राची सगळ्यात अवघड परीक्षा घ्यायची म्हणून कुणी मुद्दाम प्रसंग रचला असता, तर तो निशाणाजवळच्या भंडाऱ्यापेक्षा फार वेगळा नसता.

आणि माझं काय चुकलं? मी सहा एमबीपीएस मागितले होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटने गर्दीत तीनच दिले. नेट कमी पडलं की बिटरेट आपोआप खाली आणायची सोय ओबीएसमध्ये असते, ती मी चालू ठेवली होती. त्यामुळे लाइव्ह तुटलं नाही, पण आधीच तुटपुंजे असलेले बिट निम्मे झाले आणि ते पसरले साडेबारा कोटी ठिपक्यांवर. तेच तीन एमबीपीएस मी ७२० पी, ३० फ्रेमला दिले असते तर ठिपके पावणेतीन कोटींच्या आसपास झाले असते. म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला साडेचारपट बिट. पोस्टरवरचा आकडा लहान झाला असता आणि नानांना बैल दिसला असता. माझ्या ऐटीची किंमत नानांनी मोजली.

डबीवर लिहिलेलं फोर के

आता ज्यांच्याशी माझं भांडण आहे त्यांच्याकडे येतो.

पहिलं भांडण उपकरणांच्या भजनी लागलेल्या मंडळींशी. लाइव्ह कसं सुधारायचं असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: कॅमेरा बदल, ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घे, फोर केची कॅप्चर डबी घे, ड्रोन घे. ही उत्तरं शहरातल्या खोलीत बसून गेम खेळणाऱ्या पोरांसाठी बनलेली आहेत. त्यांच्या टेबलामागे फायबरची तार असते. त्यांना वाट रुंदच मिळाली आहे, म्हणून त्यांना गाडी बदलून फरक पडतो. आमच्या घाटावर पाणंद आहे आणि हे आम्हाला ट्रेलर विकतायत.

ती कॅप्चर डबीच घ्या. कॅमेऱ्याची एचडीएमआय वायर लॅपटॉपला जोडायला ती लागते. स्वस्त डबीवर मोठ्या अक्षरांत "फोर के" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की फोर के सिग्नल आत घेते. बाहेर काय देते? त्यातल्या पुष्कळ डब्या यूएसबी २.० च्या असतात. त्या वायरीची कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस. न दाबलेलं फुल एचडी चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचं तरी जवळपास हजार लागतात. मग डबी आतल्या आत प्रत्येक चित्र जेपीईजीसारखं दाबते आणि मग लॅपटॉपला देते. तिथून ओबीएस दुसऱ्यांदा दाबतं. यूट्यूब ते घेऊन वेगवेगळ्या आकारांत तिसऱ्यांदा दाबतं. नानांच्या हातात येतं ते तीनदा पिळलेलं चिपाड, आणि आपण म्हणतो कॅमेरा बदलायला हवा.

ड्रोनचंही तेच. स्थिर कॅमेऱ्यात डोंगर फुकट जातो हे वर सांगितलंच. ड्रोन हलला की डोंगर हलला, मंडप हलला, हजारो माणसांची गर्दी हलली. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका बदलला. जे बिट बैलासाठी ठेवायचे ते प्रेक्षकांच्या टोप्या दाखवण्यात संपले. ड्रोनचं चित्रीकरण जरूर करा, रात्री घरी जाऊन छान जोडून टाका. लाइव्हमध्ये मात्र तो चोर आहे.

याहून मोठा चोर पडद्याच्या तळाशी असतो. "सौजन्य" म्हणून सरकणारी पट्टी. वर कोपऱ्यात गोल फिरणारं बोधचिन्ह, बाजूला लुकलुकणारी जाहिरात, खाली डावीकडून उजवीकडे धावणारी वीस नावं. ठळक कडांची अक्षरं सतत सरकवणं हा एन्कोडरवर टाकलेला कायमचा बोजा आहे. मी एकदा गमतीने आमच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं, तर बारीचं चित्र फुटलेलं असताना देणगीदाराचं नाव मात्र बऱ्यापैकी वाचता येत होतं. म्हणजे बैलाला मिळायला हवे ते बिट नावानं खाल्ले. देणगीदाराला दोष देत नाही. त्याचं नाव एका स्थिर पाटीवर, दोन बाऱ्यांच्या मधल्या वेळेत, सावकाश दाखवा. लोक ते वाचतीलही. धावत्या पट्टीवरचं नाव कुणी वाचत नाही.

दुसरं भांडण "चालतंय की" म्हणणाऱ्यांशी. गावचं आहे, फुकट आहे, आवाज तर येतोय, एवढं काय मनावर घ्यायचं? हे बोलणारा माणूस संध्याकाळी आयपीएल बघताना चित्र जरा अडकलं तरी रिमोट आपटतो. मुंबईच्या मैदानावरचा चेंडू स्वच्छ दिसायला हवा आणि आपल्या घाटावरचा बैल चौकोनी असला तरी हरकत नाही, ही शिकवण आपल्याला दिली कुणी? आपल्या गोष्टीचं चित्र धूसरच असतं, असं मनाने मान्य केलं की मग ते सुधारायची मागणीही होत नाही.

जे फुकटात होतं

टीका करून थांबलो तर नाना म्हणतील, मग तू काय केलंस ते सांग. तेव्हा सांगतो. यातलं बहुतेक एक रुपया न घालता होतं.

आधी रोग ओळखायचा. ओबीएसमध्ये आकडेवारीची एक खिडकी आहे, ती फार थोडे लोक उघडतात. तिथे तीन वेगळे आकडे दिसतात: नेटमुळे गळालेल्या फ्रेम्स, एन्कोडर मागे पडल्याने सुटलेल्या फ्रेम्स, आणि चित्र जुळवायलाच उशीर झाल्याने चुकलेल्या फ्रेम्स. पहिला आकडा वाढत असेल तर नवा लॅपटॉप घेऊन काहीही होणार नाही. दुसरा वाढत असेल तर नेट बदलून होणार नाही. आमच्याकडे पहिला वाढत होता आणि चर्चा चालली होती ग्राफिक्स कार्डाची.

दुसरा आकडा वाढला तर बहुधा लॅपटॉप तापलेला असतो. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली लॅपटॉप ठेवला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. सावली, खालून हवा लागेल असा उंच ठेवलेला लॅपटॉप, आणि चार्जर कायम जोडलेला. बॅटरीवर बरेच लॅपटॉप मुद्दाम हळू चालतात. एन्कोडिंगचं काम प्रोसेसरवर न टाकता त्यासाठीच असलेल्या भागावर टाका. इंटेलच्या चिपमध्ये अशी सोय २०११ पासून आहे, एनव्हिडियाच्या कार्डातही असते. म्हणजे कुणाच्या घरी पडून असलेला साधा लॅपटॉपही ७२० पी आरामात ओढतो.

मग बिटरेट. नेटचा वेग सकाळी सात वाजता मोजू नका. तेव्हा घाटावर तुम्ही आणि मंडपवाला एवढेच असता. दुपारी गर्दी भरल्यावर मोजा, तीन-चार वेळा मोजा, त्यातला सगळ्यात कमी आकडा घ्या आणि त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबा. चार मिळत असतील तर अडीच-पावणेतीन. बिटरेट स्थिर, कीफ्रेम दर दोन सेकंदांनी, ७२० पी, ३० फ्रेम. फोनचं नेट लॅपटॉपला वायफायने न देता यूएसबी वायरीने द्या, कारण घाटावर शेकडो फोन त्याच हवेत ओरडत असतात. कॅमेरा तिकाटण्यावर, निशाण आणि शेवटचा टप्पा दिसेल असा, आणि बारी चालू असताना झूमला हात लावायचा नाही.

इथे एक शंका रास्त आहे. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतात आणि ३० फ्रेममध्ये दोन चित्रांत तीन-साडेतीन शतांश सेकंद निघून जातात. मग वाद झाला तर? उत्तर असं, की लाइव्ह हे पंचाचं काम करण्यासाठी नाहीच. कॅमेऱ्यातल्या कार्डावर ६० फ्रेमने, पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग वेगळं चालू ठेवा. बाहेर जातं ते पाठवता येईल एवढं, घरात राहतं ते पुरावा म्हणून पूर्ण. ही दोन कामं एकाच प्रवाहावर लादली म्हणून दोन्ही बिघडली.

एवढं केल्यावर चित्र सुधारतं. भंडाऱ्याच्या क्षणी अजूनही थोडं मऊ पडतं, पण बैल बैल दिसतो. पुढची पायरी मात्र फुकट नाही आणि एकट्याने चढता येण्यासारखीही नाही.

घ्यायला महामार्ग, द्यायला पाणंद

तिसरं आणि खरं भांडण इथे आहे. आपल्या देशात ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या आहे. आधी ती किमान ५१२ केबीपीएस डाउनलोड अशी होती. २०२३ मध्ये ती बदलून किमान २ एमबीपीएस डाउनलोड अशी केली. आकडा कमी आहे ही तक्रार बऱ्याच जणांनी केली. माझी तक्रार वेगळी आहे. व्याख्येत अपलोडचा किमान आकडाच नाही. म्हणजे तुमच्या घरात किती येतं एवढंच मोजायचं, तुमच्या घरातून बाहेर किती जातं ते मोजायचंच नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२४ मध्ये आपली पातळी १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० एमबीपीएस अपलोड अशी ठरवली. आकडे सोडा, दोन देशांची ऐपत वेगळी आहे. पण तिथे दुसरा रकाना तरी आहे. आपल्याकडे तो छापलेलाच नाही. ज्याचा रकाना नाही त्याची तक्रार कशी नोंदवणार?

याचं समर्थन मला माहीत आहे, कारण माझ्या धंद्यातले लोक ते रोज करतात. लोक बघतात जास्त, पाठवतात कमी, म्हणून वाट तशीच बांधली जाते. मोबाइलच्या ज्या पट्ट्यांवर येणं-जाणं एकाच लहरीवर आळीपाळीने होतं, तिथे वेळेचा मोठा वाटा येण्याला दिलेला असतो आणि थोडा जाण्याला. शिवाय टॉवर जोरात बोलू शकतो, फोर जी फोन मात्र जास्तीत जास्त २०० मिलिवॅटच्या आसपास. हे सगळं खरं आहे. सरासरीचा हिशेब म्हणून बरोबरही आहे. पण सरासरी ही यात्रेच्या दिवशी घाटावर येत नाही. त्या दिवशी एका टॉवरच्या एका दिशेला हजारो फोन येतात, त्यातला प्रत्येक जण आपल्या गाड्याचा व्हिडिओ वर चढवत असतो, आणि त्या चिंचोळ्या वाटेत आमचं लाइव्ह रांगेत उभं असतं.

आणि हे फक्त बैलगाड्याचं नाही. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा बाईंचा आवाज पोरांपर्यंत येत होता, पोरांचा प्रश्न बाईंपर्यंत जात नव्हता. तेव्हाही वाट हीच अडली होती. गावाने ऐकायचं, बघायचं, विकत घ्यायचं, आणि बोलायचं झालं तर चौकोनात बोलायचं. याला मी तांत्रिक अडचण म्हणायला तयार नाही. कुणाला प्रेक्षक धरलंय आणि कुणाला धरलेलं नाही, याचा तो निर्णय आहे.

हे मी ज्या भागात राहून बोलतोय तो भाग कोणता? कळंबहून पुणे-नाशिक रस्त्याने पुढे गेलं की नारायणगाव. त्याच्या जवळ आर्वीला १९७१ मध्ये देशाचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. देशाचं परदेशाशी उपग्रहामार्फत बोलणं सुरू झालं ते जुन्नर तालुक्याच्या मातीतून. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेला नाजूक सिग्नल तिथे टिपतात. म्हणजे जगाशी बोलणं आणि विश्वाचं ऐकणं या दोन्ही गोष्टी या परिसरात होऊन गेल्या किंवा होतायत. फक्त घाटावरून घाटकोपरला पंधरा सेकंदांची एक बारी धड जात नाही.

तार नाही असंही नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना २०११ ची, आता भारतनेट म्हणून चालते. खासगी केबलवाल्यांनीही रस्त्याकडेच्या गावांत फायबर आणलं आहे. या तारेचा स्वभाव मोबाइलसारखा नाही. जीपॉन म्हणून जी पद्धत घरोघरच्या फायबरला सर्रास वापरतात तिच्यात येण्याला अडीच जीबीपीएस आणि जाण्याला सव्वा जीबीपीएस असतात. घराघरांत वाटून घेतले तरी घाटाला लागणारे तीन-चार एमबीपीएस त्यात कुठल्या कुठे हरवून जातील. तार गावात आली आहे, घाटावर आलेली नाही. मधे काही शेतं आहेत. तांब्याची नेटवर्क केबल शंभर मीटरच्या पुढे चालत नाही, पण केबलवाल्याकडची बारीक फायबर एक-दोन किलोमीटर सहज जाते. खांबावरून, बांधावरून, चार दिवसांसाठी.

मग ती का जात नाही? कारण यात्रेच्या वहीत तिला रकाना नाही. इथे मी आपल्याच माणसांवर बोलतोय. बक्षिसाला रोख, दुचाकी, ट्रॅक्टर. मंडपाला पैसे आहेत, फ्लेक्सला आहेत, साउंडला आहेत, एलईडी पडद्याला आहेत. जे दिसतं, ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढता येतो, त्याला पैसे आहेत. बांधावरून गेलेल्या काळ्या वायरीसमोर कुणी फोटो काढत नाही. कंपन्यांवर आणि सरकारवर मी वर जो आरोप केला, तोच इथे लागू होतो. आपणही दुसरा रकाना छापलेला नाही.

धूसर चित्र कुणाच्या सोयीचं

शेवटचा मुद्दा काहींना झोंबेल.

बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. या सगळ्या वर्षांत आमच्या भागातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी एकच वाक्य होतं: आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखं जपतो. मी तसं जपणारी माणसं पाहिली आहेत. नानांनी सुट्टीत गावी आल्यावर घरात शिरायच्या आधी गोठ्यात जाणं मी दर वेळी पाहिलं आहे. पण परवानगी सशर्त आहे आणि बैलाला इजा होईल असं काही करायचं नाही हा त्या अटींचा गाभा आहे. मग प्रश्न असा, की ते पाळलं जातंय हे जगाला दाखवायचं कशाने?

हजारो लोक दिवसभर बघत असलेलं लाइव्ह याहून चांगला साक्षीदार दुसरा नाही. पण साक्षीदाराला दिसलं तर पाहिजे. चौकोनात काठीही दिसत नाही आणि काठी नव्हती हेही दिसत नाही. जो नियमाने गाडा पळवतो त्याचं निर्दोषपण त्या पिवळ्या धुरळ्यात जातं, आणि जो नियम मोडतो तो त्याच धुरळ्यात लपतो. धूसर चित्र दुसऱ्याच्या सोयीचं असतं, आपल्या नाही. ज्यांना हा खेळ टिकावा असं मनापासून वाटतं, त्यांनी तर स्वच्छ चित्राचा हट्ट सगळ्यात आधी धरायला हवा. उद्या पुन्हा कुणी न्यायालयात उभं राहिलं, तर पोटच्या पोरासारखं जपतो हे सांगायला भाषण लागू नये, रेकॉर्डिंग पुरावं.

यावर कुणी म्हणेल, इतकं स्वच्छ दाखवलं तर आपलीच माणसं अडकतील. असं ज्याला वाटतं त्याने चित्राची काळजी करू नये, आपल्या माणसांची करावी.

पुढच्या हंगामाच्या आधी मंदिरात बैठक होईल. पट्टी ठरेल, बक्षिसं ठरतील, निवेदक ठरेल. मी दोन गोष्टी मागणार आहे. वहीत "वायर" असा एक रकाना घाला आणि ग्रामपंचायतीपासून किंवा जवळच्या फायबरवाल्या घरापासून घाटापर्यंत चार दिवसांची तार टाका. आणि पोस्टरवर "फुल एचडी" छापू नका. ते छापल्यावर मला मोह होतो, हे गेल्या वर्षी सिद्ध झालं आहे.

नानांनी आपल्या बैलाची ती बारी अजून पाहिलेली नाही. कॅमेऱ्याच्या कार्डावर त्या दिवशी वेगळं रेकॉर्डिंग चालू नव्हतं. बारी किती सेकंदांत झाली ते त्यांना आकड्यात माहीत आहे. बैल कसा पळाला ते मी फोनवर तोंडी सांगितलं.